बनसोडे मॅडमनी मागितलेला कागद

बनसोडे मॅडम माझ्या एकाही विनोदाला हसल्या नाहीत. चौदा वर्षं आम्ही एकाच शिक्षकखोलीत बसलो. मी मराठी शिकवायचो, त्या खेळ शिकवायच्या. बाकी सगळ्यांना मी विनोदी माणूस वाटायचो, आणि विनोदी माणसाचा दिवस बिघडवायला न हसणारा एक माणूस पुरतो. मी काही बोललो की माझे डोळे आपोआप कोपऱ्यात जायचे. तिथं मॅडम उसवलेल्या चेंडूला टाके घालत बसलेल्या असायच्या. ऐकून घ्यायच्या, दोरा दातानं तोडायच्या आणि चेंडू कानाजवळ नेऊन हवा जाते का ते बघायच्या.

आमची शाळा येरमाळ्यापासून आठ किलोमीटर आत. प्राथमिकपासून बारावीपर्यंत सगळे वर्ग एकाच आवारात, एकाच संस्थेचे. मॅडम येईपर्यंत इथं खेळाचा शिक्षक म्हणजे कुणी रजेवर गेलं की त्याचा वर्ग सांभाळणारा माणूस. मॅडम पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "वर्ग सांभाळते. पण वर्ग मैदानावर सांभाळीन." मुख्याध्यापकांना त्यात हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही.

अंगानं किरकोळ, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला. शिट्टी पर्समध्ये असायची, पण वाजवायच्या नाहीत. "शिट्टीला पोरी दचकतात, ऐकत न्हाईत," म्हणायच्या आणि दोनदा टाळी वाजवायच्या. मुरमाच्या मैदानावर त्यांनी हँडबॉलचं कोर्ट स्वतः आखलं. गोलसमोरची अर्धवर्तुळाची रेघ आखायला खुंटी ठोकून सुतळी बांधली आणि फक्कीचं डबडं घेऊन वाकून वाकून गोल फिरल्या. दर सोमवारी हे नव्यानं व्हायचं, कारण रविवारी मैदानात गावची शेरडं चरायची आणि शेरडांना नियम माहीत नव्हते.

गावाला तर हँडबॉल हा खेळ असतो हेच माहीत नव्हतं. "पोरी फुटबॉल हातानं खेळायल्यात, हे फाऊल न्हाय का?" असं एका पालकानं गंभीरपणे विचारलं होतं. मॅडमनी त्याला ओळीबाहेर उभं करून पूर्ण सामना बघायला लावला. तो पुढं दर शनिवारी यायला लागला.

एकदा संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसासाठी मैदानावर मांडव उभा राहिला. विभागाची निवड चाचणी चार दिवसांवर होती. मला वाटलं, आता मॅडम भांडतील आणि आपल्याला बघायला मिळेल. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली मांडवाच्या बांबूंमधून चेंडू आपटत पळत होत्या आणि मॅडम सांगत होत्या, "बांबू म्हणजे समोरच्या संघाच्या पोरी समजा. फरक एवढाच, ह्या ढकलत न्हाईत." त्या सरावात एक चेंडू अध्यक्षांच्या वीस फुटी फलकावर बसला आणि नाकाच्या जागी भोक पडलं. आमच्यापैकी दोघातिघांनी लगेच सुचवलं, हार जरा वर बांधला की झाकलं जाईल, कुणाला कळणार नाही. मॅडम तशाच बुटांवर अध्यक्षांच्या घरी गेल्या. म्हणाल्या, "तुमच्या फोटोचं नाक आमच्या चेंडूनं गेलं. मुलीला गोल दिसला, फोटो दिसला नाही." परत आल्या तेव्हा मी विचारलं, एवढी काय घाई होती? त्या म्हणाल्या, "सर, आज सांगितलं तर चूक असते. चार दिवसांनी सांगितलं तर लपवलेलं असतं."

हे वाक्य मी तेव्हा वहीत टिपून घेतलं. चांगली वाक्यं टिपायची मला सवय आहे. ती कुठं वापरायची हे मला नेहमी कळतं असं नाही.

सत्काराला त्या बोलावल्याशिवाय जात नसत आणि बोलावल्यावर गेल्या तर पहिल्या संधीला उठत. मिळालेल्या शाली मात्र जपून आणायच्या. मग एका रविवारी शिलाई मशीनवर बसून त्या शालींत स्पंज भरून मुलींसाठी गुडघ्याच्या पट्ट्या शिवायच्या. तालुक्यातल्या तीन पुढाऱ्यांनी केलेला सन्मान अशा रीतीनं आमच्या मुलींच्या गुडघ्यांवर मुरूम खात होता. सार्वजनिक सत्कारांचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

आफरीन त्या मुलींमधली एक. येरमाळ्याला हायवेवर मुनीरभाईंचं पंक्चरचं दुकान आहे, त्यांची धाकटी मुलगी. डावखुरी. पहिलीत ती माझ्याच वर्गात होती, कारण तेव्हा मी प्राथमिकला होतो. तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून मी रोज उजव्या हातात द्यायचो. लिहिण्यापुरतं तिनं माझं ऐकलं. फेकण्यापुरता डावा हात तिचा तिच्याकडं राहिला. हँडबॉलमध्ये उजव्या कडेनं डावखुरी खेळाडू मिळाली तर प्रशिक्षक तिला सोडत नाहीत, हे मला मॅडमकडून कळलं. आफरीन हवेत उडी मारायची, गोलकीपर खाली बसेपर्यंत थांबायची आणि मग फेकायची. थांबायची म्हणजे हवेतच. हे कसं होतं ते मला अजून सांगता येणार नाही.

ती बारावीत असताना राज्याच्या संघातून खेळली आणि तिथून तिचं नाव भारताच्या ज्युनिअर मुलींच्या संभाव्य यादीत आलं. आंतरराष्ट्रीय पात्रता स्पर्धा होती. आशियातले संघ, त्यातून पुढं जागतिक स्पर्धेला जायचं. गावात फलक लागला. त्यावर बारा पुढारी होते आणि खाली उजव्या कोपऱ्यात, तिकिटाएवढी, आफरीन. मी शिक्षकखोलीत म्हणालो, "एवढ्या लोकांनी पात्रता मिळवल्यावर पोरीला जायची गरज काय?" सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हाला फलक दिसतो. मला पोरगी दिसते." आणि चेंडू कानाला लावला.

बाहेरच्या देशांतल्या मुली हाताला एक चिकट पदार्थ लावून खेळतात, चेंडू एका हातात धरता येतो, हे मॅडमना ठाऊक होतं. आमच्या मुलींनी तो कधी पाहिलेला नव्हता. तिथं जाऊन पहिल्यांदाच हाताला चिकटलं तर पोरगी गोंधळेल. म्हणून मॅडमनी बाभळीचा डिंक गोळा केला, तेलात शिजवला आणि शाळेच्या खिचडीच्या चुलीवर तीन दिवस प्रयोग केले. पहिल्या दिवशी चेंडू आफरीनच्या वेणीला चिकटला आणि कात्री आणावी लागली. खिचडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, पोरीला आंतरराष्ट्रीय करायलाव का टकली?" तिसऱ्या दिवशी डिंक जमला. आफरीननं चेंडू वरून एका हातात धरला, उलटा केला, तो पडला नाही. मॅडम हसल्या. चौदा वर्षांत मी पाहिलेलं त्यांचं हसणं बहुधा तेवढंच, आणि त्यात माझा काही वाटा नव्हता.

आता एक जूनचं सांगायला हवं.

आमच्या भागात शाळेच्या जुन्या रजिस्टरात निम्म्याहून जास्त मुलांची जन्मतारीख एक जून आहे. आई सांगायची, "ज्वारी काढायच्या टायमाला झाली, साल काय ध्यानात न्हाय." पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची. मग मास्तर जूनची एक तारीख टाकायचे आणि साल बसेल तसं बसवायचे. माझ्या वर्गातल्या साठ मुलांच्या तारखा मीच टाकल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून रजिस्टर माझ्याकडं. यावर माझा एक विनोद होता. मी म्हणायचो, त्या एक जूनला आमच्या गावात इतक्या बायका बाळंत झाल्या की सुइणीला दुपारचं जेवायला वेळ मिळाला नसेल. हा मी लग्नांत सांगितला आहे, निरोपसमारंभांत सांगितला आहे, शिक्षणाधिकाऱ्यांसमोरही सांगितला आहे. कुठंच पडला नाही.

मॅडमनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाल्या, "माझ्या आज्याला सही येत न्हवती सर. पण लेकरू झालं की शेजारच्या गावात चालत जायचा आणि शिकलेल्या माणसाकडून तारीख लिहून आणायचा. दीक्षा घेतली त्या साली माझा बाप झाला. आमच्या घरात चार तारखा होत्या, चारी खऱ्या." मी म्हणालो, वा. मग कुणीतरी महागाईभत्त्याचा विषय काढला.

आफरीनची रजिस्टरातली तारीख एक जूनची होती, आणि तीही खऱ्या वर्षाच्या आधीच्या वर्षाची. खरी ती पुढच्या फेब्रुवारीत जन्मली होती, सोनारीला, आईच्या माहेरी. स्पर्धेचा नियम असा की या दोन तारखांच्या मधे येणाऱ्या जानेवारीच्या आधी जन्मलेली मुलगी चालणार नाही. म्हणजे खरी आफरीन बसत होती आणि मी लिहिलेली आफरीन बसत नव्हती.

मॅडम एसटीनं सोनारीला गेल्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या वहीत त्यांना नोंद सापडली. फेब्रुवारी, आईबापाचं नाव बरोबर, मूल स्त्री, आणि बाळाच्या नावाची जागा मोकळी. बारसं व्हायच्या आधी नोंद केली की नाव राहून जातं. स्पर्धेसाठी खेळाडूंचे कागद तपासणाऱ्या माणसानं मॅडमना सरळ सांगितलं, "ही तीच मुलगी हे शाळेनं लिहून द्यावं. आणि शाळेतली तारीख पुराव्याशिवाय, अंदाजानं टाकली होती, असं ज्यानं टाकली त्यानं लिहून द्यावं. मग मी पुढं पाठवतो." त्यासाठी सहा दिवस होते.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. पहिल्यांदाच त्या कोपऱ्यातून उठून माझ्याकडं आल्या असतील.

"सर, चार ओळी पाहिजेत. तुमच्या हातच्या."

मी म्हणालो, "बघू की."

माझी तेव्हा एक फाईल गेलेली होती. आदर्श शिक्षक पुरस्काराची. सत्कार, शाली, फलक यांवर इतकी वर्षं बोलणाऱ्या माणसानं स्वतःचा प्रस्ताव स्वतःच्या सुंदर अक्षरात भरून पाठवला होता, आणि त्यात एक वाक्य होतं, 'अभिलेख अत्यंत चोख ठेवतात.' मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "लिहून दिलं तर साठच्या साठ तारखा उघड्या पडतील. आधी तुमची फाईल मंजूर होऊ द्या." मला ते पटलं. खरं तर त्यांनी सांगायच्या आधीच मला ते पटलेलं होतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. मी त्यांना कायदा समजावला. दहावीचं प्रमाणपत्र झाल्यावर नोंद बदलत नाही, वरिष्ठांची परवानगी लागते, उद्या प्रत्येक जण येईल. त्या उभ्या राहून ऐकायच्या. मी खुर्ची पुढं केली तरी बसल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "नोंद बदलू नका सर. फक्त अंदाजानं टाकली एवढंच लिहा. ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग?"

मी विनोद केला. काय केला ते आठवतं, पण लिहीत नाही.

पाचव्या दिवशी मी त्यांना पत्र दिलं. शाळेच्या कागदावर, शिक्क्यासह. 'सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीप्रमाणे बरोबर आहे.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. नोंदीप्रमाणे ती बरोबरच होती. मॅडमनी उभ्यानंच ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे."

आफरीनचं नाव यादीतून गेलं.

ते सांगायला मॅडम येरमाळ्याला निघाल्या तेव्हा मीही बरोबर गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येत नाही. त्या काय सांगतात ते आपल्या कानांनी ऐकावं, हे एक कारण असणार. मुनीरभाई ट्रकच्या चाकाशी बसले होते. हात पुसत उठले, आतून खुर्ची आणली, ती मला दिली आणि चहा मागवला. "सर बसा. आफरीनचे पहिलीचे सर तुम्ही." मॅडम उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसल्या. आफरीन दुकानाच्या मागच्या दारात उभी होती. हाताला अजून डिंक होता आणि ती तो एका बोटानं दुसऱ्या बोटावरून सोलत होती.

मॅडमनी सरळ सांगितलं. या वेळी नाही. तारीख जुळत नाही.

मुनीरभाईंनी थोडा वेळ चाकाकडं बघितलं. मग विचारलं, "पर मॅडम, सोनारीचा कागद तर मिळालता. मग गलती कुणाची झाली वो?"

मॅडम माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. तेवढी जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती. एक माणूस बोलू शकेल एवढा वेळ गेला. हायवेवरून दोन ट्रक गेले. मी चहाचा कप तोंडाला लावला.

"आमच्या शाळेची," मॅडम म्हणाल्या.

"असूंद्या," मुनीरभाई म्हणाले. "शाळेनंच तर एवढं केलं लेकराचं." आणि मला म्हणाले, "सर, अजून घ्या चहा." मी घेतला.

स्पर्धा मोबाईलवर दिसत होती. मॅडमनी मुलींना वर्गात बसवलं, मोबाईल खडूच्या खोक्याला टेकवून ठेवला. मी दारात उभा राहून बघितलं. भारताच्या मुली भरपूर गोलांनी हरत होत्या. समोरच्या उंच, दणकट, एका हातात चेंडू धरून फेकणाऱ्या. वर्गातल्या आमच्या मुलींच्या माना हळूहळू खाली गेल्या. मॅडम मात्र मधेमधे थांबवून दाखवत होत्या, ही बघा कशी वळली, हिचा पाय बघा. उजव्या कडेला एक उजव्या हाताची मुलगी खेळत होती आणि तिचा कोन पुनःपुन्हा चुकत होता. ते मलाही कळत होतं.

आफरीन म्हणाली, "मॅडम, मी असते तरी हरलोच असतो ना?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, नाही गं, तू असतीस तर जिंकलो असतो. मॅडम म्हणाल्या, "हरलो असतो. पण तू तिथं हरली असतीस. इथं बसून न्हाय."

आफरीननं मान हलवली आणि पुन्हा मोबाईलकडं बघायला लागली. मी दारातून निघून गेलो.

मला पुरस्कार मिळाला. पाहुण्यांच्या स्वागताला मुलींना उभं करायचं मुख्याध्यापकांनी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सरावाची वेळ आहे." स्वतः मात्र आल्या, मागच्या रांगेत बसल्या आणि माझं नाव पुकारल्यावर दोनदा टाळ्या वाजवल्या. मी दोन मोजल्या.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं असं नाही. उलट त्या पूर्वीसारख्याच होत्या, आणि तेच अवघड होतं. त्यांनी कधी टोमणा मारला नाही, कुणाला काही सांगितलं नाही. त्या रागावल्या असत्या तर मी त्यांच्या रागावर काहीतरी चांगलं बोललो असतो. एक जूनचा विनोद मी बंद केला. लोक कधीकधी मागतात, "सर, ते सुइणीचं सांगा." मी सांगतो, विसरलो.

दोन वर्षांनी पटसंख्या घटली आणि मॅडम अतिरिक्त ठरल्या. म्हणजे शाळेला ज्यांची गरज सगळ्यांत जास्त, त्या कागदावर जास्त झाल्या. परंडा तालुक्यातल्या एका शाळेवर त्यांचं समायोजन झालं. निरोपसमारंभात बोलायला अर्थातच मला सांगितलं. समोर मुली होत्या, आफरीन आली होती, ती तेव्हा कॉलेजच्या संघातून खेळत होती. मुनीरभाईही मागं उभे होते. त्या दिवशी तारखेचं बोलायचं ठरवूनच मी गेलो होतो. फलकाचं नाक सांगितलं, शालींच्या पट्ट्या सांगितल्या, वेणीला चिकटलेला चेंडू सांगितला. लोक पोट धरून हसले. मग मी 'एवढं बोलून थांबतो' म्हणालो आणि थांबलो.

समारंभ संपल्यावर त्या फाट्यावर बसची वाट बघत उभ्या होत्या. एक बॅग, एक जाळी, जाळीत सहा चेंडू. मी मागून गेलो.

"मॅडम, ते तेव्हा मी लिहून द्यायला पाहिजे होतं."

"हां," त्या म्हणाल्या. जणू मी वेळ सांगितली.

"माझी चूक झाली."

"मला काय सांगताय सर? माझी तारीख तुम्ही टाकली न्हाय."

त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "आता द्या लिहून."

"आता त्याचा काय उपयोग? तिची वयाची स्पर्धा गेली."

"तिची गेली. रजिस्टरात अजून एकोणसाठ हायत ना? कुणी भरतीला जाईल, कुणी अजून कशाला. त्यांच्या आया बी फेब्रुवारीत, श्रावणात बाळंत झाल्या असतील की." पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. लगेच खाली आला. "आणि पहिल्यांदा तिच्या हातात द्या. माझ्याकडून न्हाय. तुमच्या हातानं."

बस आली. पुढं मी काय केलं, कुणाला काय लिहून दिलं, ते सांगितलं तर त्यात मी बरा दिसेन. म्हणून ते इथं लिहीत नाही. दोन वर्षं मी बरा दिसत होतो, तेवढं पुरे.

मॅडमनी चेंडूंची जाळी आधी वर दिली, मग स्वतः चढल्या. जागा खिडकीशी मिळाली. कंडक्टरनं बेल मारली आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी हात वर केला. बस हलली तरी त्यांचा हात तसाच होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या मला हात करत नव्हत्या. त्या माझ्या मागं बोट दाखवत होत्या.

मी खांद्यावरून बघितलं. मागं आफरीन उभी होती. मॅडमना सोडायला आली असेल. तिच्याकडं वळायला मला बस दिसेनाशी होईपर्यंत वेळ लागला.